टाकीत तेल असताना

९ जानेवारी २०२५

तात्या,

पाया पडते. हे पत्र मुद्दाम तळेघरच्या पत्त्यावर टाकतेय. रविवारी तुम्ही येडगावला घरी असता तेव्हा फोन करावा, तर आई तो स्पीकरवर टाकते आणि आबांपासून शेजारच्या रत्नावहिनींपर्यंत सगळं घर माझी उलटतपासणी घेतं. तळेघरला रेंज नाही, तुम्ही शाळेची बस घेऊन तिथं मुक्कामाला असता, संध्याकाळी करण्यासारखं काही नसतं. म्हणजे शांतपणे वाचाल. आईला सांगू नका एवढीच विनंती.

इथल्या वैमानिक शाळेनं माझं उडणं बंद केलंय.

घाबरू नका, विमान धड आहे आणि मीही धड आहे. झालं असं. मागच्या शुक्रवारी मला एकटीनं लांबचा फेरा करायचा होता. इथून दुसऱ्या गावच्या विमानतळावर जायचं, उतरायचं, परत यायचं. या फेऱ्याशिवाय लायसन नाही. सकाळी मी पंखावर चढून दोन्ही टाक्यांत पट्टी बुडवून बघितली. आमचं विमान लहान, टाक्या पंखांतच असतात. टाक्या काठोकाठ नव्हत्या. तेलगाडी आली नव्हती. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पुरेल गं, हिशोब कर." हिशोब केला. हवामानवाल्यांनी सांगितलेला वारा धरला तर जाऊन येऊन वर पाऊण तासाचं राखीव उरत होतं. तेवढं राखीव उरलंच पाहिजे हा आमचा नियम. म्हणून निघाले.

जाताना सगळं छान. येताना वारा समोरून, आणि सांगितला होता त्याच्या दुपटीनं. नदीच्या पुलापासून रेल्वेच्या जंक्शनपर्यंत किती वेळ लागायला हवा ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. घड्याळ बघितलं तर कितीतरी जास्त लागला होता. तिथंच मांडीवर पुन्हा हिशोब केला. घरी पोचले असते, पण राखीवातलं निम्म्याहून जास्त खाऊन. खाली एक जुनी धावपट्टी होती, माझ्या आराखड्यात अडीअडचणीला म्हणून लिहिलेली. रेडिओवर सांगितलं आणि उतरले. व्यवस्थित उतरले, तात्या. चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत.

मग जीपमधून तेलाचे कॅन आणि आमचे एक सर आले. त्यांनी टाकीत पट्टी घातली आणि हसायलाच लागले. टाकीत तासाभराहून जास्त तेल होतं. "अगं, पोचली असतीस की!"

आता मोठे कॅप्टन, म्हणजे आमच्या शाळेचे प्रमुख, म्हणतात, लिहून दे की मी घाबरून उतरले, चूक झाली, पुन्हा करणार नाही. लिहून दिलं तर उडणं सुरू. नाही दिलं तर सामान बांधायचं. मी लिहून देणार नाही. तुम्हाला हे आधी सांगावंसं वाटलं, कारण मला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवलं ते तुम्ही. तुम्हाला कळेल.

सृष्टी

·

१५ जानेवारी, तळेघर

सृष्टे,

पत्र मिळालं. काल संक्रांत झाली, तिळगूळ धाडता येत न्हाई म्हनून गोड बोलायचं राहिलं, ते राहूच दे. आज मी गोड बोलनार नाय.

अगं टाकीत तासाभराचं तेल आन् तू गाडी खाली लावली? आमच्या लाइनीत असं कुनी केलं असतं ना, तर चहाच्या टपरीवर म्हैनाभर त्याचीच चेष्टा चालली असती. मी सव्वीस वर्सं गाडी हाकतोय. ट्रक हाकला, टँकर हाकला, आता संपतशेठची ही शाळेची बस. काटा लाल रेघंला टेकला तरी मी गाडी मुक्कामालाच लावली. रस्त्यात कधी उभी नाय केली. तळेघरहून पोरं भरायची, तो समदा उतार न्यूट्रलवर सोडायचा, डिंभ्याच्या अलीकडं कुठं गियर टाकायचा. घोडेगावला शाळेच्या दारात पोरं उतरवली की संपतशेठ पाठीवर थाप मारतो. म्हनतो, दादाभाऊ, तुमच्यासारखं डिझेल राखनारा ड्रायव्हर दोन तालुक्यांत नाय. हे मी फुशारकीनं सांगत न्हाई, हाय ते सांगतो.

आन् तू म्हनती पोचली असती पन उतरली. मंग पोचायचं व्हतं ना बाय!

आता त्या मोठ्या कॅप्टनचं ऐक. एक शब्द लिहायचाय. घाबरले. कुनाला कळनार हाय हितं? सरकारनं शिष्यवृत्ती देऊन पाठवलंय, आख्ख्या येडगावात तुझ्या नावाचा बोर्ड लागलाय धरनाच्या फाट्यावर, त्यावर तुझा फोटू, टोपी घातलेला. तू सामान बांधून आली तर तो बोर्ड कोन उतरवनार? तुझा बाप, माझा भाऊ, तर मेंढरं घिऊन कोकनात उतरलाय, त्याला ह्यातलं काय बी ठाऊक नाय. म्हातारा आबा रोज त्या बोर्डाखाली बसून इडी वढतो. येनाऱ्या-जानाऱ्याला म्हनतो, ही माझी नात.

लिहून दे आन् मोकळी हो. घाबरनं काय पाप हाय व्हय? मी बी बिबट्याला घाबरतो. परवा आबाचं एक कोकरू नेलं त्यानं, गोठ्याच्या दारातून.

तुझ्या आईला काय सांगितलं नाय. पन सांगायला लावू नको.

तुझा तात्या

·

२० जानेवारी

तात्या,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा मात्र माझी झोपच उडाली. ती का, ते शेवटी सांगते.

आधी माझं. घाबरणं पाप नाही, मान्य. पण मी घाबरले नव्हते हो! खोटं का लिहू? घाबरले असते तर पुढं रेटलं असतं. सगळे हसतील या भीतीनं पुढं रेटणारी माणसं इथं मी रोज बघते. मी घड्याळ बघून ठरवलं. जायच्या आधी जमिनीवर बसून जे ठरवलं होतं, तेच वर जाऊन केलं. त्याला चूक म्हणायचं तर मग आम्हाला शिकवतात कशाला?

तुम्ही म्हणता पोचायचं होतं. तात्या, तुमचं डिझेल संपलं तर बस कडेला उभी राहते. माझं विमान कुठल्या कडेला उभं करू? आणि पोचणं म्हणजे गावाच्या डोक्यावर पोचणं नव्हे, चाकं टेकणं. आमच्या धावपट्टीवर नीलगाई येतात. माझ्या आधीच्या विमानाचं चाक धावपट्टीवरच बसलं तर ते ओढून नेईपर्यंत वर घिरट्या घालाव्या लागतात. त्या वेळेला मी काय जाळायचं? राखीव तेल हे वाचवलेलं तेल नसतं. ते वापरायचं नाही असं मानूनच निघायचं असतं. आणि टाकीत ते शिल्लक असतानाच उतरायचं असतं. संपल्यावर उतरायला मग हातात काय राहतं, तुम्हीच सांगा.

आणि त्यांना तो एक शब्द कशाला हवाय ते कळलं का? मी 'घाबरले' लिहिलं की तेलगाडी का आली नाही, अर्धवट टाक्यांवर पोरीला का पाठवलं, हे कुणीच विचारणार नाही. सगळं माझ्या भित्रेपणावर ढकलून मोकळे.

आता माझी झोप उडाली ते. तुम्ही घाट न्यूट्रलवर सोडता? पोरं भरून? अहो, गियरमधून काढली की गाडीला इंजिनाचा आधार राहत नाही, सगळा भार ब्रेकवर. त्यात डिझेल संपून इंजिन बंद पडलं तर ब्रेकची हवा भरायची थांबते. चार-दोन वेळा दाबलं की ब्रेक गेला, आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मनाला समजावलंय एवढंच.

दुसरं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मी तुमच्याबरोबर तळेघरला आले होते. सकाळी तुम्ही टाकीत ती बांबूची काठी बुडवली आणि ओल्या खुणेवर बोट ठेवून म्हणालात, "भरपूर हाय." त्या काठीवरच्या खुणा तुम्ही येडगावला अंगणात केल्यात, सपाटीवर. तळेघरला गाडी गावातल्या लहान शाळेच्या पडवीशेजारी चढावर लावता, तोंड वर करून. टाकीचं तोंड मागच्या अंगाला आहे. सगळं डिझेल मागं जमा होतं, तात्या! काठी आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. आम्हाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं, विमान सपाटीवर नसेल तर पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही.

एकदा गाडी सपाटीवर घ्या आणि बघा. एकदाच. माझी शपथ आहे.

सृष्टी

·

२७ जानेवारी, तळेघर

सौभाग्यकांक्षिणी की काय म्हनत्यात ती कॅप्टनीन सृष्टीबाई यांस,

तुमचं पत्र पावलं. तुमी आमाला गाडी शिकवायला लागल्या, लई आनंद झाला. तुमाला धावत्या ट्रॅक्टरवरून उचलून खाली घेनारा बी मीच व्हतो, तवा तुमी चार वर्सांच्या व्हत्या आन् शेंबूड पुसायची अक्कल नव्हती.

काठी तीच हाय. चढ तोच हाय. मी बी तोच हाय. इतक्या वर्सांत कधी दगा दिला नाय तिनं. तुझ्या विमानाचं तुझ्यापाशी ठेव.

शपथ घालायची सवय सोड. माझ्या गळ्यात शपथ अडकवून तिकडं स्वतः मातूर कुनाचं ऐकायचं न्हाई, हा कुठला न्याय?

घोडेगावच्या शाळेत संमेलनाची धामधूम हाय. पोरांना सरावाला न्यायच्या-आनायच्या जादा फेऱ्या चालल्यात. पोरींचा नाच बसवलाय, मी बघायला बसतो, मास्तरनी हाकलतात. बाकी ठीक.

घाबरले म्हनून लिहून दिलं का ते कळव. न्हाई दिलं तर काय कळवू नको.

दादाभाऊ

·

२ फेब्रुवारी

तात्या,

नाही दिलं. कळवू नको म्हणालात, तरी कळवतेय.

येत्या शनिवारपर्यंत मुदत आहे. फळ्यावर उद्या कोण उडणार त्यांची नावं लिहितात, त्यातून माझं नाव पुसलंय. मी रोज सकाळी इस्त्रीचा गणवेश घालते, त्या फळ्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि बारा वाजेपर्यंत बसून राहते. उठ म्हणाले की उठते, गेले की पुन्हा बसते. पोरांनी माझं नाव 'पेट्रोल पंप' ठेवलंय. जाताना हॉर्न वाजवल्यासारखं तोंडानं पीं पीं करतात. करू देत.

घरी पाठवलं तर येईन. बोर्ड मी स्वतः उतरवीन, शिडी तेवढी द्या. आबांच्या मेंढरांमागं जाईन, टोमॅटो तोडीन, काहीही करीन. पण त्या कागदावर सही करून उडायला लागले ना, तर पुढच्या वेळी वारा समोरून आला की मला तो कागदच आठवेल. मी पुढं रेटीन. तेव्हा बोर्ड राहील आणि फोटोला हार असेल.

तुम्ही रागावलात ते कळलं. सपाटीवर बघितलं नाहीत तेही कळलं.

सृष्टी

·

९ फेब्रुवारी, येडगाव

सृष्टे, माझी बाय,

एक अक्षर लिहून देऊ नको. सही करू नको. तुझं पत्र मिळालं तवाच शनिवार उजाडला व्हता, पन मी तुला वळखतो, तू केली नसनारच. केली असली तर परत माग.

काय झालं ते सांगतो. बुधवारी सकाळी पोरं गाडीत बसली. मी काठी घातली, खून ओली, भरपूर. गाडी चालू करनार तर तुझी ती शपथ आठवली. मनात म्हनलं, एकदा बघू, पोरगीला तोंडावर पाडू, म्हंजी पुन्हा शिकवायची न्हाई. पोरांना म्हनलं बसून ऱ्हा. गाडी फिरवून खाली भाताच्या खाचराशेजारच्या सपाटीला आनली. उतरलो, काठी पुसली, घातली.

सृष्टे, नुसतं टोक भिजलं गं.

मी दोनदा पुसून घातली. तेवढंच. संमेलनाच्या जादा फेऱ्यांचं डिझेल संपतनं घातलंच नव्हतं, आन् मी रोज चढावर बघून भरपूर म्हनत व्हतो. गाडीकडं बघितलं तर खिडकी खिडकीतनं पोरांची डोकी. कुनी डबा उघडून आत्ताच खायला लागलेलं. त्याच दिवशी घाटात मधीच इंजिन बसलं असतं, आन् गाडी न्यूट्रलला. पुढचं लिहवत न्हाई.

टेकाडावर चढलो, तिथं एका दगडावर उभं ऱ्हायलं की रेंज येती. संपतशेठला फोन लावला. म्हनलं डिझेल धाडा, गाडी हलनार नाय. तो म्हनला, "अहो दादाभाऊ, उतारच हाय समदा. न्यूट्रलवर सोडा, पोचाल की!"

पोचाल की. तोच शब्द. तुझ्या त्या सरांचा. आन् लाज वाटती सांगायला, माझा बी. माझं टकुरंच फिरलं. म्हनलं, "शेठ, पोचन्यापुरतं डिझेल घिऊन मी पोरं हाकत न्हाई." तुझंच पाठ केल्यागत तोंडातनं निघालं. तो आई-बापावरनं बोलाय लागला. मी फोन खिशात टाकला, चावी बी खिशात टाकली आन् गाडीच्या पायरीवर जाऊन बसलो.

पोरांच्या आया आल्या. जानकाबाई म्हनून एक हाय, तिची नात सातवीला, ती पुढं. माझ्यावरच वरडली, "पोरींची आज चाचनी हाय, तुमी गाडी लावून बसला व्हय?" मी काठी घातली, तिच्या हातात दिली. म्हनलं, ही बघ, एवढ्यावर तुझी नात घाटात सोडू का? तिनं काठी बघितली, माझ्याकडं बघितलं, पदर खोचला आन् माझ्या शेजारी पायरीवर बसली. मंग बाकीच्या बी बसल्या. पोरं उतरून खाचरात खेळाय लागली, चाचनी बुडाली म्हनून लई खूश.

दुपार व्हता व्हता संपत स्वतः जीपमधी कॅन घालून आला. तोंड लालबुंद. डिझेल घातलं. मी गाडी गियरमधी घातली आन् घाट गियरमधीच उतरवला, दुसऱ्या-तिसऱ्यावर, बैलगाडीवानी. पोरं म्हनत व्हती काका आज गाडी आजारी हाय का. म्हनलं, आजच बरी झाली.

तुझ्या आईला तुझी समदी पत्रं मीच वाचून दाखवली. रडली. मंग म्हनली, पोरीला भाजनीची चकली धाडा. आबाला कायच कळलं न्हाई, तो म्हनला मेंढरं पान्यावरनं उठवताना कवाबी पुढचं पानी बघूनच उठवावी, त्यात काय एवढं. आन् झोपला.

यापुढं पत्र येडगावलाच टाक. तळेघरला थंडी लई हाय.

तुझा तात्या

·

१६ फेब्रुवारी

तात्या,

तळेघरला थंडी! फेब्रुवारीच्या मध्यावर! तुम्ही सव्वीस वर्षं गाडी हाकली, पण थाप मारायला अजून शिकला नाहीत. संपतशेठनं काढलं ना तुम्हाला? खरं लिहा. माझ्यापासून लपवून मला काय बरं वाटणार आहे? माझ्यामुळं गेली नोकरी, हे मला कळायला नको?

पण तात्या, तुमचं पत्र मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि मोठ्यानं ओरडले. पायरीवर बसलात! मीही खुर्चीवर बसूनच होते की. घराण्यातच आहे म्हणायचं बसणं.

आता इकडचं. तुमचं पत्र शनिवार उलटूनच मिळालं, पण शनिवारी मी काय केलं ते ऐका. मोठ्या कॅप्टननी केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार, पेन उघडून ठेवलेलं. मी म्हणाले, लिहून देते, पण माझ्या शब्दांत. आणि लिहिलं: 'निघताना टाक्या भरलेल्या नव्हत्या. परतीचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला. राखीव इंधनाला हात लागणार असं दिसताच मी आराखड्यातल्या धावपट्टीवर उतरले. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा उतरेन.' खाली सही. आणि म्हणाले, हे मिळालं म्हणून तुमचीही सही द्या, सर. एक प्रत मला लागेल.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "तू पोचली असतीस, हे तुला मान्य आहे?"

"मान्य आहे, सर."

"मग?"

"नेहमी पोचले असते का, ते मला माहीत नाही."

त्यांनी सही केली नाही. कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि जा म्हणाले. मी गेले, ती फळ्यासमोर जाऊन बसले.

सामान बांध असंही कुणी म्हणालं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मला पीं पीं करणाऱ्यांतलाच एक मुलगा पंखावर चढून पट्टी घालत होता. त्याची टाकी अर्धीच होती. सर म्हणाले, पुरेल. तो माझ्याकडं बघायला लागला. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. तो खाली उतरला आणि म्हणाला, तेलगाडी येऊ दे, मी थांबतो. सर चिडले. मग त्याच्या मागच्या विमानाची मुलगीही थांबली. तेलगाडी, जी कधी वेळेवर येत नाही, ती तात्या, अर्ध्या तासात हजर!

माझं नाव अजून फळ्यावर नाही. पण मी कुठं जात नाही.

तुमचं खरं खरं लिहा. आणि चकल्या पोचल्या, निम्म्या चुरा झाल्या, तरी खाल्ल्या.

सृष्टी

·

२२ फेब्रुवारी, येडगाव

सृष्टे,

काढलं. त्याच दिशी दुपारी काढलं. शाळेच्या दारात पोरं उतरली आन् संपतनं चावी मागितली. दिली. मी काय पाया पडलो न्हाई. म्हनलं, शेठ, चावी घ्या, पन काठी माझी हाय.

तुझ्यामुळं गेली असं पुन्हा लिहिलंस तर कान उपटीन. तुझ्यामुळं गेली न्हाई, तुझ्यामुळं ती पोरं हायेत. मला झोप लागती रात्री, पैल्यासारखी.

आता आळ्याच्या एका पावन्याचा टोमॅटोचा टेम्पो चालवतो, नारायनगावच्या मार्केटला. कॅरेटं वरडत न्हाईत, डबा मागत न्हाईत. करमत नाय, खरं सांगायचं तर.

त्या काठीचं ऐक. मागच्या आठवड्यात गुरवारी मी परत तळेघरला गेलो, यष्टीनं, पाहुन्यासारखा. काठी जानकाबाईला देऊन आलो. नव्या खुना केल्या, खाचराच्या सपाटीला. आता रोज सकाळी नवा ड्रायव्हर गाडी चालू करायच्या आधी ती बाई गाडी सपाटीला घ्यायला लावती, स्वतः काठी घालती आन् मंगच पोरं चढवती. खुनेच्या खाली असलं तर एक पोरगं चढत न्हाई. संपतनं बोंब मारून बघितली. म्हनला, ही कोन टिकोजीराव. जानकाबाई म्हनली, मी नातीची आजी.

तू फळ्यासमोर बसून ऱ्हा. उठू नको. बोर्ड हितं जाग्यावर हाय, आबा बी खाली हाय.

तात्या

·

७ मार्च

तात्या,

हे पत्र मी विमानाच्या पंखाखाली बसून लिहितेय. पंख वर असतो आमच्या विमानाचा, सावली चांगली पडते. का बसलेय ते सांगते.

सोमवारी फळ्यावर माझं नाव लागलं. कुणी ना माफी मागितली, ना मागायला लावली. फक्त नाव, आणि त्याखाली खडूनं नवी ओळ, सगळ्यांसाठी: उड्डाणापूर्वी टाक्यांची पट्टी विद्यार्थी आणि सर दोघांनी मिळून बघावी. खाली मोठ्या कॅप्टनची सही होती. माझ्या कागदावर जी केली नाही ती सही फळ्यावर केली त्यांनी.

आणि आज तोच लांबचा फेरा मिळाला. एकटीचा. आज टाक्या काठोकाठ. सरांनी स्वतः पंखावर चढून बघितलं, मग मी बघितलं. मोठे कॅप्टन लांब उभे होते. मी निघाले.

जाताना सगळं छान. तिथं मात्र धावपट्टीवर दुरुस्ती चाललेली, रोलर मधोमध. त्यांनी वर थांबायला सांगितलं. घिरट्या घातल्या, घातल्या, उतरले, आणि तिथं तेल मिळालं नाही. हिशोब केला, राखीव धरून पुरत होतं, निघाले. नदीच्या पुलावर घड्याळ लावलं. जंक्शनवर बघितलं. वारा समोरून, तात्या. मेला तोच वारा, तसाच.

खरं सांगू? या वेळी मात्र मी घाबरले. वाऱ्याला नाही. सगळे काय म्हणतील त्याला. नाव परत लागून चार दिवस झालेत, त्यात पुन्हा तेच! पुढं जावं, कोण बघतंय, थोडंसंच राखीव जाईल, असं अगदी मनात येऊन गेलं. पोचले असते हो. मग मला खाचरात खेळणारी ती पोरं दिसली, मी न बघितलेली. मी रेडिओचं बटण दाबलं आणि सांगितलं, त्याच जुन्या धावपट्टीवर उतरतेय.

इथला चौकीदार मला बघून धावत आला. म्हणाला, "फिर से आप?" म्हटलं, हो, पुन्हा मीच. त्यानं चहा आणून दिलाय, फार गोड आहे, तुम्हाला आवडेल असा.

आत्ताच मोठ्या कॅप्टनचा फोन येऊन गेला. मी उभी राहूनच घेतला. त्यांनी विचारलं, "टाकीत किती आहे?"

म्हटलं, "पुष्कळ आहे, सर. म्हणूनच उतरले."

ते म्हणाले, "बरं. कॅन पाठवतो. सावलीत बस."

बसलेय.

तुमची
सृष्टी